लखमाबाबा बसत नाहीत

एका माणसाचा अख्खा दवाखाना मी उपटला, वाळवला आणि पेटवून दिला. मनात वाईट काही नव्हतं. मला ते तण वाटलं.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान मी आशागडला गवताच्या वखारीत कारकून होतो. शेठ गुजराती, म्हणून मजूर मला गुजराती रिवाजाने मेताजी, म्हणजे कारकून, म्हणत. दसरा झाला की तलासरीकडच्या पाड्यांवरून वारली कुटुंबं गवत कापायला येत आणि वखारीमागे झोपड्या घालत. गवत संपलं की समुद्राकडे मिठागरांवर जात, पावसाच्या तोंडावर घरी परतत. त्यांच्यातच लखमाबाबा, झाडपाल्याचं औषध देणारे. वय साठ की ऐंशी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेठपासून झाडापर्यंत सगळ्यांना ते 'तू'च म्हणत.

हा माणूस बसत नसे. कापायला वाकेल, पण बूड टेकणार नाही. भाकर उभ्याने, विडी चालताना. "बाबा, बसा की" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बसलं का मुळं फुटतात!" तापाने फणफणलेला माणूस त्यांच्यामागे धावत धावत आपलं दुखणं सांगायचा. निम्म्यांना घाम फुटून वाटेतच बरं वाटे.

बाकीच्या निम्म्यांसाठी वखारीचं कुंपण होतं. निरगुडी, अडुळसा, गुळवेल आणि कोपऱ्यात कुड्याचं कमरेएवढं झाड. सगळं पाड्यावरून टोपलीत घालून आणून लावलेलं. पाला तोडायच्या आदल्या दिवशी बाबा मुळाशी चार तांदूळ ठेवून सांगत, "उद्या येतो हां."

"न सांगता गेलात तर झाड काय गावाला गेलेलं असेल?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या घरात कोणी न सांगता शिरला, नं तुझा कान कापून नेला, तं चालंल तुला?"

मी कान चाचपला आणि विषय बदलला.

पुढे शेठ वखार बघायला येणार असं पत्र आलं. माझ्या अंगात स्वच्छता संचारली. बाबा आठवडाभर सरावलीच्या माळावर कापणीला गेलेले असताना मी कुंपण चकाचक करून घेतलं. शेठ आले, गंज्या बघून गेले. कुंपणाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी बाबा परतले. राखेभोवती फेऱ्या मारत राहिले. मग कोपऱ्यात थबकले.

"कुडा पन?"

"तोही तण..." मी पुटपुटलो.

"मंग आता पाटी लाव, मेताजी. यंदा कोणी आजारी पडू नका म्हणून."

पाटी लावली असती तर ती मोडणारा पहिला मीच ठरलो असतो. शेठसाठी आणलेले पेढे उरले होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून मी चार दिवस एकट्याने झटलो. पाचव्या दिवशी अशी हगवण लागली की हिशेबाच्या वहीपेक्षा टमरेलच जास्त वेळ हातात. डहाणूचे डॉक्टर लग्नाला बडोद्याला गेलेले. सहाव्या दिवशी मला उठवेना.

बाबा दारात आले. या पायावरून त्या पायावर होत माझ्याकडे बघितलं आणि डोंगराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुड्याची साल घेऊन आले. पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे. सुनेच्या, चैतीच्या हातात साल दिली आणि बाहेर येरझारा घालू लागले.

"बाबा, आदल्या दिवशी सांगितलं होतं ना झाडाला?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"येळ कुठं होता? पाया पडलो. सांगला, मानूस अडानी हाय, माफ कर."

काढा इतका कडू होता की आजार लाजला. चैती भांडं ढवळत, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सासूला हेच झाला होता. वरोरकडं, मिठागरावर. जवळची साल सरली. खाऱ्या जमिनीत कुडा कुठला? बाबा डोंगरात गेलं. येताना दमलं, घटकाभर बसलं. डोळा लागला." तिने भांडं उतरवलं. "आलं तवा ती गेली होती. तवापासून बसत नायत. नं जातील तिथं पहिला कुडा लावतात."

बाहेर येरझारा चालूच होत्या.

चालता येऊ लागल्यावर मी स्वतः माळावर जाऊन कुड्याचं रोप शोधलं. कोपऱ्यात लावलं. मुळाशी तांदूळही ठेवले, चार नव्हे, ओंजळभर. मग खुर्ची मांडून बाबांना बोलावलं. "बसा. बघा."

बाबांनी उभ्यानेच वाकून पान चोळलं.

"हा काळा कुडा. आपल्याला पांढरा लागतो," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. खुर्ची तिथेच होती. मुळाशी ओल्या मातीचा गोळा असलेलं एक रोप त्यांनी हलकेच त्या खुर्चीत ठेवलं, तोल जाईल की काय म्हणून क्षणभर हात लावून धरलं, आणि स्वतः उभेच राहिले.

"आम्ही मिठागरावर गेलो का रोज पानी घाल," ते म्हणाले. "नं मेताजी, तुला गवत कोनता नं झाड कोनता ते कळत नाय. गवताच्या वखारीत तुला ठेवला कोनी?"