या की आमच्याकडं

ट्रॅव्हल्सवाल्याच्या मागं मेंढरासारखं हिंडायचं, हे आपल्याला जमत नाय. वाळूजच्या कंपनीत अख्ख्या लाइनचं प्लॅनिंग माझ्याकडं असतं. मग घरच्या तीन माणसांची कोकणची सहल म्हणजे किस झाड की पत्ती!

सहल खरी आईसाठी होती. साठी उलटली तरी हर्सूलचा तलाव आणि जायकवाडी सोडून तिनं पाणी बघितलं नव्हतं. एकदा समुद्रात पाय बुडवून आण, एवढंच तिचं मागणं.

दिवाळीपासून मी अभ्यासाला लागलो. व्हिडिओ बघितले, लोकांचे अभिप्राय वाचले. समुद्राकाठी एका घरात राहायची सोय होती, ती पसंत पडली. पण खाली कुणीतरी लिहिलेलं, कोंबडा फार लवकर आरवतो. मग मी थेट घरमालकाला, पुंडलिकरावांना फोन लावला. कमोड आहे का? पायऱ्या उंच आहेत का? कोंबडा नेमका कधी आरवतो? रोज जेवणाच्या सुट्टीत नवा प्रश्न. ते बिचारे शांतपणे उत्तरं द्यायचे. फोन ठेवताना मी म्हणायचो, "या की एकदा आमच्याकडं, वेरूळ दाखवतो." एकदा तर पत्ताही पाठवून दिला.

आता हे आपल्याकडं म्हणायचंच असतं. समोरच्यानं "येऊ, येऊ" म्हणायचं आणि यायचं नसतं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पुंडलिकराव मात्र नुसतं "बरं" म्हणायचे. तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

निघायची तारीख मी त्यांना सांगितलीच नाय. आधी कळवलं की भाव चढतो, थेट दारात जाऊन उभं राहायचं, असं एका व्हिडिओत होतं.

रजा घेतली, जीप ठरवली. निघायच्या सकाळी आई नव्या चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. तेवढ्यात दारात भलतीच गाडी थांबली. नारळाचं पोतं घेऊन एक जोडपं उतरलं.

"काकासाहेब इथंच राहतात ना?"

काकासाहेब म्हणजे मीच. आणि आवाज तर रोजचा, फोनवरचा!

पुंडलिकराव म्हणाले, "तुमची तारीख काही ठरेना. म्हटलं, माणूस रोज एवढ्या मायेनं बोलावतोय, आपणच जाऊन येऊ." त्यांच्या बायकोनं, गीताबाईंनी, बॅगांकडं बघून विचारलं, कुठं निघालात का?

दारात आलेल्या पाहुण्याला निघालोय म्हणायचं कसं? घर आवरत होतो म्हणालो. बायकोनं, दीपमालानं, माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका. आईनं चपला काढल्या आणि चहा टाकायला आत गेली. मला लई वाईट वाटलं. जीपवाल्याला गल्लीच्या तोंडावरनंच परत पाठवलं.

सगळी रजा वेरूळ, दौलताबाद आणि मकबऱ्यात गेली. दौलताबादच्या किल्ल्याखाली उभं राहून पुंडलिकरावांनी मला विचारलं, पायऱ्या उंच आहेत का?

परत जायच्या दिवशी गाडीत बसता बसता ते म्हणाले, "आता तुम्ही या हो आमच्याकडे."

मी रिवाजाप्रमाणं "येऊ, येऊ" म्हणालो. आई मात्र आत गेली आणि पिशवी घेऊन आली. भरलेली पिशवी तिनं सोडलीच नव्हती!

"चला, येतेच की," म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. सासूबाईंना एकटं कसं पाठवायचं, असं म्हणत दीपमालाही बसली. गाडीत माझ्यापुरती जागा होती, पण रजा नव्हती.

परवा जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. मागं लाटांचा आवाज. पाय बुडवले म्हणाली, लई गार वाटलं. मी विचारलं, कोंबडा लवकर आरवतो का गं?

"आरवतो," आई म्हणाली. "आरवू दे की."