आकडा नको, रजई सांगा

उजागरे काकांना पगाराचा आकडा सांगायला गेलं की ते दोन्ही कानांवर हात ठेवायचे. अगदी घट्ट, शेजारी फटाका फुटायच्या बेतात असावा तसे. "आकडा नको!" ते ओरडायचे. "आकडा ऐकला की मी तुमच्याशी नाही, त्याच्याशीच बोलायला लागेन. मला एवढंच सांगा, घरात रजया किती?"

मी साताऱ्याहून बदली होऊन दिल्लीला आलो तो ऐन नोव्हेंबरात. लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं आणि समोरच्या दारात उजागरे काका मिळाले. मूळचे नगरचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. रविवारी इस्त्रीचा कोट चढवून चर्चला जायचे आणि संक्रांतीला सगळ्या ब्लॉकला तिळगूळ वाटायचे. बायको नगरला मिशनच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे इथे एकटेच असत. महाराष्ट्रातून दिल्लीत नवा आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारायचा, एवढ्या पगारात इथं भागेल का हो? त्यावर कोणीतरी त्याला सांगायचंच, उजागऱ्यांना विचारा.

काकांचा सिद्धान्त असा होता. दूध, भाजी, बस यांचा हिशेब कोणीही करील. खरी परीक्षा जानेवारीत. त्या थंडीत गावाकडचा पाहुणा दारात उभा राहिला आणि त्याच्यासाठी जास्तीची रजई निघाली, तर पगार पुरतो. नाही निघाली, तर तुम्ही घरचे कितीही मोठे साहेब असा, पगार कमी आहे.

आणि पाहुणे जानेवारीतच यायचे, त्याला इलाज नव्हता. संक्रांतीला पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकापाशी माथा टेकवायचा, तर मुक्काम दिल्लीत ओळखीच्यांकडे. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून, दात वाजवत ही मंडळी उतरायची आणि वर सांगायची, "आमची काळजी नको, आम्ही गोधडी आणलीय."

"गोधडी!" काका हताश व्हायचे. "अहो, दिल्लीच्या थंडीला गोधडी म्हणजे हातरुमाल. पानिपतला एकदा काय झालं ते वाचून येता, आणि येता तसेच, गरम कपड्यांवाचून!"

फरीदाबादला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले एक मराठी गृहस्थ होते. नाव सांगत नाही, बिचारे भले होते. त्यांनी काकांना चहाला बोलावलं, गाडी दाखवली, फ्रिज उघडून दाखवला. काकांनी कपाटात डोकावून माणशी एकच रजई पाहिली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "साहेब, तुम्हाला इथं परवडत नाही. चलो, बांधा सामान." गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुढे संक्रांतीला त्यांच्या सासुरवाडीची अख्खी जीपभर माणसं पानिपतहून थेट त्यांच्या दारात आली. संध्याकाळी हे गाडी घेऊन काकांकडे हजर! काकांनी स्वतः आपल्याकडच्या जादा रजया गाडीत कोंबल्या आणि दार लावताना म्हणाले, "पगारवाढ झाली समजा."

माझ्याही घराची तपासणी झाली. माझ्याकडे एकच रजई होती.

"ही तुमची. वहिनींची? पोरीची?"

"त्या दोघी अजून साताऱ्यालाच आहेत. पुरतंय का बघतो, मग आणतो."

"अच्छा, बघताय. बिल्कुल पुरेल! रजया मी देतो. बोलवा."

पण काका हे नव्याने आलेल्या सगळ्यांनाच धीर द्यायला म्हणतात, असं मी पक्कं समजून चाललो होतो. साताऱ्याला घराचं कर्ज होतं, आईची औषधं होती. आपण दर महिन्याला कागदावर दिल्ली मांडावी आणि दर महिन्याला ती कागदाबाहेर सांडावी, असं चाललं होतं. तिकडे आमची पोरगी सुमी पाचवं वर्ष पुरं करत होती. बायकोने फोनवर सरळ विचारलं, "हिला शाळेत कुठं घालू, इथं का तिथं? मला एकदा काय ते सांगा. अधांतरी ठेवू नका."

होळी झाली की दिल्लीत रजयांना ऊन दाखवून त्या ट्रंकेत टाकायच्या. काकांची गच्ची त्या दिवशी रजयांनी भरून गेली होती आणि मी डांबरगोळ्या घेऊन मदतीला होतो. कठड्याच्या टोकाला एक छोटी रजई होती, लाल, तिच्यावर हिरवे पोपट. कोरी करकरीत. हिवाळाभर ती मी कुणाच्या अंगावर पाहिली नव्हती.

"ही कुणाची हो?"

"छोट्या पाहुण्याची," काका म्हणाले आणि विषय बदलला. "मग, काय ठरलं सुमीचं?"

"यंदा तिकडेच घालतो शाळेत. पुढच्या वर्षी प्रमोशन होईल, मग निवांत आणू."

काकांच्या हातातली रजई तशीच राहिली.

"आकडा किती?" त्यांनी विचारलं.

मी चमकलोच. आकडा सांगितला. त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत.

"मला तेव्हा याहून कमी होता," ते म्हणाले. "असं मी अजून स्वतःला सांगतो. पण भाव पण कमीच होते ना यार." मग ती छोटी रजई त्यांनी कठड्यावरून उचलली. "आमचा शमू तुमच्या सुमीएवढा होता, तेव्हा भरून घेतली ही. म्हटलं, यंदा दोघांना आणतो. मग हिशेब मांडला. म्हटलं, पुढच्या वर्षी. मग प्रमोशन झालं की. मग मोठं क्वार्टर मिळालं की. तोवर शमूच्या आईची तिकडची नोकरी पक्की झाली. शमू आला एकदाचा, तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. ही अंगावर घातली तर गुडघ्यापासून पाय बाहेर. हसला बिचारा. नाताळची सुट्टी राहिला. आईला 'अगं' म्हणतो, मामाला 'अरे' म्हणतो. मला 'अहो' म्हणाला."

काका रजईची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"पगार तेव्हाही पुरला असता," ते म्हणाले. "मीच पुरलो नाही."

त्याच संध्याकाळी मी पोस्टात जाऊन साताऱ्याला फोन लावला. शाळेची सुट्टी संपायच्या आत दोघी दिल्लीत आल्या. पुरलं का, म्हणाल, तर महिनाअखेर ओढाताण व्हायचीच, आणि पहिल्या वर्षी मी ऑफिसला पायीही बराच गेलो. पण थंडी पडायला लागली त्या दिवशी काका पोपटांची रजई घेऊन आले, सुमीला तिच्यात गुंडाळलं आणि चारही बाजूंनी दाबून बघितलं. पुढे प्रत्येक हिवाळ्यात झोपायच्या वेळी समोरच्या दारातून हाक यायची, "सुमीचे पाय आत आहेत ना?" सुमी आतून ओरडायची, "आत आहेत, काका!"

काही हिवाळे गेले. सुमीचं मराठी तोवर अर्धं दिल्लीचं झालं होतं. एका सकाळी ती रजई खांद्यावर टाकून समोर गेली. "काका, ये छोटी हो गई. बघ ना, पाय बाहेर येतात."

ती काकांना 'अरे' म्हणायची. आम्ही दटावलं होतं, पण काकांनी आम्हालाच दटावलं होतं.

मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटणार. मी मागोमाग गेलो. काका रजई उलटीसुलटी करून पाहत होते. कापसाचे गोळे झाले होते, कडेला दुधाचा मोठा डाग होता आणि निम्म्या पोपटांचा रंग धुऊन गेला होता.

"चलो," ते म्हणाले, "या वेळी वापरून छोटी झाली." आणि सुमीच्या पायांकडे बघत राहिले.