नारोपंत दुभाष्यांचं इंग्रजी

आमच्या नारोपंतांसमोर कुणी इंग्रजी शब्द उच्चारला आणि अर्थ न सांगता पुढे निघाला, तर ते त्याच्या उपरण्याचं टोक धरून ठेवत. "थांबा. शब्द दारात आला. त्याले आधी पाट द्या, मंग जा." पाट द्यायचा म्हणजे अर्थ सांगायचा. समोरच्याला येत नसला तर ते स्वतः सांगत, आणि तो नीट ऐकेपर्यंत उपरणं सुटत नसे.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे अमरावतीच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. कापसामागून साहेब आले, साहेबांमागून त्यांचे शब्द. अशाच एका गोऱ्या कापूसवाल्याकडे नारोपंत दुभाषी होते. मी शेजारच्या अडतीवर मोडी लिहीत असे, घरंही आमची भिंतीला भिंत लागून. त्यामुळे सगळ्यांत ताणलेलं उपरणं माझं.

बाजारातले शब्द ते बाजारात ठेवत नसत. गाठीच्या वजनातून बारदानाचं वजन वजा करतात, त्याला साहेब 'टेअर' म्हणे. झालं! कुणी फुशारकी मारू लागला की नारोपंत माझ्या कानाशी पुटपुटत, "टेअर काढा, टेअर काढा." कापसाची मधली प्रत म्हणजे 'मिडलिंग'. गल्लीतल्या एका मुलीला स्थळ आलं, तेव्हा मुलाबद्दल त्यांनी एवढाच अभिप्राय दिला, "मिडलिंग आहे." मुलीच्या बापाला तो सरकारी हुद्दा वाटला. लग्न थाटात झालं.

एकदा त्यांच्याकडे परतवाड्याचे मामेसासरे उतरले. दसऱ्याला आले ते दिवाळी झाली तरी हलेनात. एका सकाळी नारोपंत म्हणाले, "मामा, जहाज बंदरात उगाच पडून राह्यलं तर त्याले डेमरेज लागते. दंड!"

"आमच्या परतवाड्यात कुठून आलं जहाज?" मामा म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. नारोपंतांच्या इंग्रजीला मनापासून हसणारं माणूस ते एकच. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या कुणी बायकोसाठी वेणी आणावी, तसे हे संध्याकाळी शब्द घेऊन घरी येत.

पुढे त्या हसण्यात खोकला शिरला. वैद्यांची चाटणं झाली, तरी वहिनी वाळतच गेल्या. अकोल्याच्या छावणीत एक गोरा डॉक्टर आलाय असं कळलं, तेव्हा नारोपंतांनी दमणीला बैल जोडले. सोबतीला मी. गोऱ्याचा हात लागणार, तेव्हा परत आल्यावर डोक्यावरून आंघोळ करू देणार असाल तरच येते, ही वहिनींची अट.

डॉक्टरने पाठीला लाकडी नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग नारोपंतांकडे वळून तो एकच शब्द बोलला. "कन्झम्प्शन."

मला आनंद झाला, कारण हा शब्द मला ठाऊक होता! विलायतेच्या बाजारपत्रांत तो नेहमी असे. मालाचा खप. तो वाढला की आमच्या अडतीवर पेढे वाटत. मी खुशीने नारोपंतांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"काय म्हणते साहेब?" वहिनींनी विचारलं.

नारोपंतांनी घाम पुसला. "खप म्हणते. तुह्या पोटात अन्नाचा खप कमी आहे. तो वाढव म्हणते."

"येवढं सांगाले अकोल्यापावतर काहून आलो आपण?" वहिनी हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडावर धरून खोकत राहिल्या.

त्यांना दमणीत बसवून नारोपंत पुन्हा आत गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. डॉक्टरने नकारार्थी मान हलवली.

"काय विचारलंत?" मी म्हटलं.

"या शब्दाले तिसरा अर्थ आहे का म्हणून विचारलं."

"आणि दुसरा कोणता?"

"क्षय," ते म्हणाले.

अमरावतीला परतल्यावर नारोपंतांनी अर्थ सांगणं सोडलं. ते विचारू लागले. रस्त्याचा इंजिनिअर, फिरता पाद्री, जो गोरा भेटेल त्याला तोच एक शब्द. ऐकणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून उलट यांनाच विचारी, "घरात कोण आजारी आहे?"

वहिनी कापसाची पुढची वेचणी पाहू शकल्या नाहीत. पण मला आठवते ती त्याआधीची एक दुपार. मुंबईहून एक कोवळा साहेब नवाच आला होता. कापसापलीकडे त्याला जगात काही ठाऊक नव्हतं. नारोपंतांनी त्याला गाठींच्या थप्पीशी गाठलं आणि आपला शब्द विचारला. "खप! दुसरं काय असणार?" असं तो इंग्रजीत म्हणाला आणि मोठ्याने हसला. नारोपंतांनी त्याला इतकं वाकून नमस्कार केला, की तो पोरगा बावचळून गेला.

थोड्या वेळाने मी ताकाचा गडवा द्यायला त्यांच्या घरी गेलो. नारोपंत वहिनींना आपल्या हाताने दूधभात भरवत होते. बायकोला परक्यासमोर घास भरवायचे ते दिवस नव्हते, पण मला पाहूनही त्यांचा हात थांबला नाही.

"आज लय खुश दिसता," वहिनी म्हणाल्या.

"नवा साहेब आला बाजारात," पुढचा घास कालवत नारोपंत म्हणाले. "लय चांगलं इंग्रजी येते त्याले."