लहान तोंडी मोठा मासा

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी हार्लन क्वाम स्वयंपाकघरात बसून एकच पायमोजा तिसऱ्यांदा उलटा घालत होता. बाहेर गवतावर पांढरं दव गोठलं होतं, आकाश स्वच्छ होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. असा दिवस विस्कॉन्सिनच्या पानगळीत एकदाच येतो, आणि नेमका आज आला होता.

"आज कुठे?" आर्डिसने ओट्यापाशी उकडलेले बटाटे कुस्करत विचारलं.

"गिरणीच्या खाली," हार्लन म्हणाला.

"बरं," आर्डिस म्हणाली आणि बटाटे कुस्करत राहिली.

गेली तीस वर्षं हा प्रश्न आणि हे उत्तर त्या घरात असंच चालत आलं होतं. फक्त घरातच नव्हे. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा हार्लनला कोणी विचारलं, "मासे कुठे लागतायत?" तर आतून आवाज येई, "गिरणीच्या खाली." गिरणीच्या खाली त्याने तीस वर्षांत एकदाही गळ टाकला नव्हता. त्याचा खरा डोह होता जुन्या रेल्वे पुलाखाली, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे उतरायला वाट नव्हती. तांबड्या मातीच्या कड्यावरून बुडावर बसून घसरत जावं लागे, मग खाली रबरी विजार चढवून पाण्यात शिरावं लागे. थंडी पडली की मैलभरातले सगळे स्मॉलमाउथ बास हिवाळा काढायला त्या एका डोहात येऊन बसत, आणि बर्फ पडण्याआधी पोट भरून घ्यावं म्हणून अधाशासारखे खात.

स्मॉलमाउथ म्हणजे लहान तोंडाचा. नाव माशाचं आहे. ते मासे पकडणाऱ्यांचं तोंड केवढं असतं हे त्या गावात सर्वांना माहीत होतं, आणि म्हणूनच जोलीनच्या दुकानात तो नियम झाला होता.

जोलीन गळ, आमिषं आणि कॉफी विकायची. तिच्या दुकानातल्या फळ्यावर वर्षातला सर्वांत मोठा बास पकडणाऱ्याचं नाव लागायचं. फळा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी पाचला बंद. मासा मोजून पुन्हा नदीत सोडायचा, पण मोजताना साक्षीदार हवाच. साक्षीदार नाही तर मासा नाही. फळ्यावर यंदाही, सलग अकराव्या वर्षी, नाव होतं लायल टॉफ्टेचं. पावणेएकवीस इंच, साक्षीदार दर वर्षी पाद्रीसाहेब.

लायल हा आर्डिसचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी लग्नाचा राहिलेला, आणि दर रविवारी धुण्याची पिशवी घेऊन बहिणीकडे जेवायला येणारा. जेवता जेवता तो फळ्याचा विषय काढायचा. "काय हार्लन, यंदा तरी? का पुन्हा हवा मोजलीस?"

हार्लन बटाटा गिळायचा आणि गप्प बसायचा. कारण त्याने पुलाखालच्या डोहात एकवीस इंचांचे तीन मासे पकडले होते, आणि तिन्ही वेळा साक्षीला फक्त एक बगळा होता. साक्षीदार न्यावा तर डोह फुटला. डोह राखावा तर फळा गेला. या पेचात त्याची अकरा वर्षं गेली होती. आर्डिसला न्यावं असं एकदा मनात आलं होतं, पण ती पडली लायलची बहीण.

"चर्चचं जेवण चार वाजता सुरू होतंय," आर्डिस म्हणाली. "मी बटाट्याच्या पोळ्या करायला तिकडेच असेन. वेळेवर ये."

"आलोच!" हार्लन म्हणाला, आणि दुसरा पायमोजा खिशात कोंबून पळाला.

दुपारी सव्वातीनपर्यंत त्याला अकरा मासे लागले होते. प्रत्येक माशाला सोडताना तो मोठ्याने "जा बाबा, जेवून घे!" असं म्हणत होता. आयुष्यात इतका आनंद त्याला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, आणि तो लग्नातही बराच खूश होता. मग बाराव्या वेळी गळ तळाशी अडकल्यासारखा झाला, आणि तो तळ चालायला लागला.

"अरे देवा," हार्लन पुटपुटला. "अरे देवा, अरे देवा, अरे देवा!"

मासा एकदा पाण्याबाहेर उसळला तेव्हा त्याचा काशाच्या भांड्यासारखा तपकिरी अंगरंग उन्हात चमकला. दहा मिनिटं ओढाताण झाली. मासा पुढे, हार्लन मागे, असं करत करत तो कधी न गेलेल्या कडेच्या गाळात शिरला. शेवटी जाळीत मासा आला, आणि त्याच क्षणी त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत खाली गेले. ओढून पाहिलं तर आणखी चार बोटं गेले. आता पाणी कमरेला लागत होतं, आणि ते पाणी बर्फाच्या सख्ख्या बहिणीसारखं होतं.

दोन्ही हात मोकळे केले असते तर काठावरची मुळी धरून निघता आलं असतं. पण एका हातात जाळी होती, आणि जाळीत नजरेच्या मापाने साडेएकवीस इंच होते. हार्लनने जाळीकडे पाहिलं, मुळीकडे पाहिलं, आणि दात वाजवत दुसऱ्या हाताने फोन काढला.

आर्डिसने उचलला नाही. तिचे हात पिठात असणार. मग त्याने गावच्या मदत पथकाला लावला. पथकाची प्रमुख पुन्हा जोलीनच. गाव लहान, माणसं थोडी, त्यामुळे एकेकीला दोन दोन टोप्या घालाव्या लागतात.

"जोलीन, मी हार्लन. गाळात रुतलोय. पाय निघत नाहीत."

"बापरे! हलू नकोस! कुठे आहेस?"

"गिरणीच्या खाली," हार्लन म्हणाला.

म्हणजे तो म्हणाला नाही. ते तीस वर्षांचं तोंड म्हणालं. हार्लन स्वतःच ते ऐकून दचकला.

"आलोच सगळे!"

"नाही, नाही, थांब जोलीन, गिरणीच्या खाली नाही, मी इथे..." आणि इथे हार्लन अडला. जीव मोठा की डोह, हा प्रश्न आजवर त्याला कोणी इतका सरळ विचारला नव्हता. तो विचार करत होता तेवढ्यात माशाने शेपटी मारली, फोन उडाला आणि डुबुक करून बुडाला. त्यामुळे हार्लन खरं सांगणार होता की नाही हे कायमचं गुलदस्त्यात राहिलं.

इकडे चर्चच्या तळघरात चार वाजता पहिली पंगत बसली होती. भोंगा वाजला. पथकातले सातही जण ताटावरून उठले, त्यांत लायल एक. मागोमाग प्रार्थनेला कोणीतरी हवं म्हणून पाद्रीसाहेबही निघाले.

"हार्लन रुतलाय! गिरणीच्या खाली!" लायल ओरडला. "ताई, काळजी करू नकोस, मी आणतो त्याला!"

आर्डिस तव्यावरची बटाट्याची पोळी उलटत होती. तिने ती शांतपणे दुसऱ्या बाजूने भाजली, तव्यावरून काढली, खिडकीतून गाड्या उजवीकडे गिरणीच्या रस्त्याला लागताना पाहिल्या, आणि पोळी उलटायची लांब काठी हातात तशीच घेऊन आपली गाडी काढली. ती डावीकडे वळली.

पुलाखाली हार्लनचे ओठ निळे पडले होते. कड्यावरून काहीतरी घसरत आल्याचा आवाज झाला, त्याने मान वळवली, आणि तांबड्या मातीत बुडावर बसलेली, पिठाच्या ॲप्रनमधली बायको त्याला दिसली.

"आर्डिस! तू? तुला कसं कळलं?"

"ते नंतर. हात दे."

"आधी मोज!"

"काय मोजू?"

"मासा! आर्डिस, मासा मोज! तू साक्षीदार आहेस! किती वाजले?"

"हार्लन क्वाम, तू मरायला टेकलायस."

"मग मरायच्या आधी मोज ना!"

आर्डिसच्या ॲप्रनच्या खिशात शिवणकामाची टेप असते, कारण ती आर्डिस आहे. तिने काठावर पालथं पडून टेप लावली. नाकापासून शेपटीपर्यंत. मग डोळे बारीक करून पुन्हा लावली.

"साडेएकवीस," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज जरा चढला. "हार्लन, अरे साडेएकवीस!"

"साडेएकवीस!" हार्लन ओरडला. पूल दुमदुमला. त्याने माशाच्या कपाळाला ओठ लावले आणि त्याला पाण्यात सोडलं. मासा एक क्षण थांबला आणि निघून गेला.

मग तिने येताना गाडीला बांधून खाली सोडलेली दोरी त्याच्या काखेतून घातली. रबरी विजारीच्या कडेने आर्डिसने पोळ्यांची काठी आत घुसवली. "ही माझ्या आजीची आहे. नॉर्वेहून बोटीतून आलीये. मोडली तर तू इथेच राहा." काठी मोडली नाही. हार्लनने दोन्ही हातांनी दोरी खेचली आणि तो बाटलीच्या बुचासारखा निघाला, विजार मात्र नदीने ठेवून घेतली.

"आता घरी चल, गरम पाण्यात बस."

"दुकानात!" हार्लन दात वाजवत म्हणाला. "पाच वाजायला बारा मिनिटं आहेत! आर्डिस, दाब!"

चर्चच्या जेवणाची काळजी सोडून आर्डिस क्वामने आयुष्यात पहिल्यांदा गावात गाडी उडवली. पाचला तीन मिनिटं कमी असताना हार्लन एका पायात मोजा, अंगावर बायकोचा कोट, अशा थाटात जोलीनच्या दुकानात घुसला.

आत सगळं पथक ओलंचिंब उभं होतं. पाद्रीसाहेब कॉफी पीत होते. त्याला पाहताच एकच गलका झाला.

"हार्लन! जिवंत आहे! जिवंत आहे!"

"मैलभर शोधलं रे तुला!" जोलीनने त्याला मिठी मारली. "आताच माघारी आलो, दुसऱ्या दोऱ्या घ्यायला!"

"जोलीन, फळा," हार्लन धापा टाकत म्हणाला. "खडू घे. लिही..."

आणि मग त्याने फळ्याकडे पाहिलं. खडू ताजा होता. लायल टॉफ्टे. बावीस इंच. गिरणीच्या खाली.

"म्हणजे त्याचं असं झालं," लायल गहिवरून सांगू लागला. "तू कुठे दिसेनास. मला वाटलं, प्रवाह तुला कुठे नेईल ते बघावं. गाडीत गळ होताच. टाकला नुसता, अंदाज घ्यायला. आणि हार्लन, असा खेचला म्हणतोस! सहा साक्षीदार आणि वर पाद्रीसाहेब!"

"मी स्वतः टेप धरली होती," पाद्रीसाहेब म्हणाले.

जोलीन पुढे आली. तिचे डोळे पाणावले होते.

"हार्लन, आम्हाला माफ कर. तीस वर्षं तू आम्हाला सांगत होतास, गिरणीच्या खाली, गिरणीच्या खाली. आणि आम्ही तुला थापाड्या म्हणायचो. या गावात मासे मारणाऱ्यांत खरं बोलणारा माणूस एकच होता, आणि त्याच्यावरच कोणी कधी विश्वास ठेवला नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लायलने तर पुढे होऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला. हार्लनच्या घशात साडेएकवीस इंच आडवे अडकले होते. बोलावं तर मासा दुसऱ्या नंबरचा, आणि फळ्यावर दुसरा नंबर नसतो. शिवाय कुठे मोजला म्हणून विचारणार.

"पण तू होतास कुठे?" जोलीनने विचारलंच. "गिरणीच्या खालचा दगडन् दगड पाहिला आम्ही."

हार्लनने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते उत्तर वेळेवर आलं नाही.

"त्याच्याही खाली होता," आर्डिस म्हणाली. "बराच खाली."

चर्चच्या महिला मंडळाची बावीस वर्षं अध्यक्ष असलेली बाई पाद्रीसाहेबांच्या समोर खोटं बोलली. पाद्रीसाहेबांनी कपात पाहिलं आणि अजून थोडी कॉफी मागितली.

"उद्यापासून मी तर बाबा गिरणीपाशीच," लायल म्हणाला.

"आम्हीपण!" पथक ओरडलं.

घरी येताना गाडीत हीटर पूर्ण चालू होता.

"माझीच थाप," हार्लन म्हणाला. "माझ्याच थापेतून त्याचा बावीस निघाला."

"हो," आर्डिस म्हणाली.

"पण डोह वाचवलास तू. कोणालाच कळलं नाही. सगळे आता तिकडे जातील." त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "आर्डिस! सगळे तिकडे जातील! पण तुला कसं कळलं गं? मी कधी एका शब्दाने बोललो नाही."

"पँट कोण धुतं तुझी? बुडावर तांबडी माती. या नदीला तांबडी माती फक्त पुलापाशी आहे. गिरणीपाशी काळी."

हार्लन हसू लागला. "आणि तू लायलला कधी बोलली नाहीस?"

"त्याला काय सांगायचं?" आर्डिसने वळणावर गाडी हळू केली. "त्याची पण पँट मीच धुते, दर रविवारी. तशीच माती, तशीच बुडावर. अकरा वर्षं झाली."

हार्लनचं हसू होतं तिथेच थांबलं. घराचा दिवा दिसू लागला.

"पण आता तो गिरणीकडे जाईल," आर्डिस म्हणाली. "म्हणजे उद्या डोहावर आपण दोघंच."

"आपण?"

"मीही येतेय. बर्फ पडायच्या आत मला तेवीस इंचांचा हवाय." तिने गाडी दारात उभी केली, पोळ्यांची काठी उचलली आणि ॲप्रनच्या मागची तांबडी माती झटकली. "आणि माझी पँट तू धुवायची."