शून्य प्रश्नांचा आठवडा

विश्वाची सुरुवात नेमकी केव्हा झाली, यावर शास्त्रज्ञांचं अजून पुरतं एकमत नाही. घरातल्या प्रश्नांची सुरुवात मात्र सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, दूध वर येत असताना होते, याबद्दल कुठल्याही आईचं दुमत नसावं.

ठमीच्या आईचं तरी नव्हतं. ठमी साडेपाच वर्षांची. त्या दिवशीचा तिचा पहिला प्रश्न होता, "दूध वर येतं तसं पाणी का येत नाही?" दूध ओट्यावरून शेगडीखाली पोचेपर्यंत आणखी चार झाले. मुंग्या झोपतात का? झोपल्या तर कोणत्या कुशीवर? चंद्र आपल्याच बसच्या मागे का लागतो, दुसऱ्या बस नाहीत का? आणि जांभई एकाची दुसऱ्याला जाते, मग ती परत कोण आणून देतं?

दुसरी कुणी असती तर ओरडली असती. पण ठमीची आई पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर बसते, आणि नऊ वर्षांत तिचा आवाज एकदाही चढलेला नाही. (खिडकीची काच जाड आहे.) त्या खिडकीवर वर्षाला अकरा हजार तक्रारी येतात आणि शंभरातल्या अठ्ठ्याण्णव निकाली निघतात. तक्रार निकाली निघण्याचा आणि नळाला पाणी येण्याचा काही संबंध असतो, असा एक गैरसमज लोकांत आहे. तसा तो नसतो. तक्रारदाराला उत्तराचं पत्र गेलं की तक्रार संपली. पाणी हा वेगळा विभाग आहे.

इतकी देखणी पद्धत हाताशी असताना आपण घरी मात्र अडाण्यासारखं "गप्प बस गं जरा" म्हणत बसतो, याची आईला ओटा पुसता पुसता लाज वाटली.

त्याच रविवारी फ्रिजच्या मुठीला दोरीने एक लांबट वही टांगली गेली. अनुक्रमांक, तारीख, प्रश्न, विभाग, शेरा. विभागही पाडले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणून वर जाणाऱ्या, खाली येणाऱ्या आणि मध्येच अडकणाऱ्या सर्व गोष्टी, म्हणजे भौतिकशास्त्र आणि अंतराळ, त्यांच्याकडे. आजी बत्तीस वर्षं नर्स होती, म्हणून जीवशास्त्र तिच्याकडे. उरलेलं आईकडे.

"मुंग्यांना मी कधी इंजेक्शन दिलंय?" आजीने विचारलं.

"सजीव आहेत ना त्या? मग तुझ्याकडे," बाबा आपल्या आईला म्हणाले आणि घाईघाईने कामाला गेले. (रविवार होता.)

नियम सोपे होते. उत्तराची मुदत कामाचे सात दिवस. प्रश्न निकाली कधी धरायचा? उत्तर दिलं तर, हे उघडच आहे. विचारणारी झोपली तर. विचारणारीने दुसरा प्रश्न विचारला तर पहिला आपोआप रद्द. आणि काहीच जमलं नाही तर "मोठी झालीस की कळेल" असा शेरा. हा शेरा सर्वांत टिकाऊ. खुद्द आईवर तिच्या लहानपणी मारलेले असे अंदाजे सहाशे शेरे आजही उत्तम स्थितीत आहेत.

पहिल्या आठवड्यात एकशे त्रेचाळीस प्रश्न आले. जीवशास्त्र एकावन्न, भौतिक अडतीस, अंतराळ बावीस, आणि बत्तीस असे की ते कुठलाच विभाग घेईना. विभागांनी कामही मन लावून केलं. "लिफ्ट खाली जाताना पोटात गुदगुल्या का होतात?" यावर बाबांचा शेरा: लिफ्ट तपासली, चालू स्थितीत आहे. "पाण्यात राहून बोटांना सुरकुत्या येतात, मग गालांना का नाही?" यावर आजीचा: आधी बादलीतून बाहेर ये. "सावली ओली होते का?" हा प्रश्न आईने संबंधित विभागाकडे पाठवला. संबंधित विभाग कोणता, हे अजून ठरायचं आहे.

ठमी खूश होती. आपल्या प्रश्नाला नंबर मिळतो, याचं तिला फार कौतुक. उत्तर मिळालं नाही तरी ती नंबर घेऊन खेळायला जायची.

पण एकशे त्रेचाळीस म्हणजे एकशे त्रेचाळीसच. आईने डोकं लावलं. कार्यालयाच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी महिना कोणता? खिडकीला रंग द्यायचा म्हणून ती बंद ठेवली होती तो. त्या महिन्यात एकही तक्रार आली नाही. म्हणजे प्रश्न सोडवत बसण्यापेक्षा तो उगवूच न देणं हे जास्त स्वच्छ काम.

नवी योजना सोमवारपासून लागू झाली. ज्या दिवशी एकही प्रश्न नाही, त्या दिवशी फ्रिजवर एक सोनेरी कागदाची चांदणी. सोमवार ते शुक्रवार सलग पाच चांदण्या झाल्या की रविवारी तारांगण. (प्रश्न न विचारण्याचं बक्षीस तारांगण कसं, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. योजना लागू झालेली होती.)

तारांगणाचा घुमट ठमीला रोज शाळेच्या बसमधून दिसायचा. कुणीतरी भलीमोठी वाटी पालथी घातलीय आणि खाली काहीतरी झाकून ठेवलंय, असं तिचं मत होतं. काय झाकलंय ते बघायला ती काहीही करायला तयार होती.

पहिला आठवडा मंगळवारी बुडाला. "गोगलगाय मागे मागे चालू शकते का?" दुसरा गुरुवारपर्यंत तगला. तिसऱ्या आठवड्यात मात्र ठमीला युक्ती सापडली. तोंडावर हात ठेवायचा. अगदीच राहवलं नाही तर "मला वाटतं, झाडांना गुदगुल्या होत नाहीत" असं म्हणायचं, आणि आईच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहायचं. त्यात प्रश्न नसल्यामुळे आई भाजी चिरत राहायची. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार चांदण्या. घरात इतकी शांतता, की फ्रिज घरघरतो हे बाबांना प्रथमच कळलं.

शुक्रवारी ठमी शाळेतून आली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कर्टमध्ये. पायात मोजे नव्हते.

"हा कुणाचा गं?"

"शाळेच्या कपाटातला."

"आणि तुझा?"

ठमीने हातातली पिशवी वर केली. पिशवीला गाठ मारलेली होती.

"अगं माझे आई! लागली होती तर बाईंना विचारायचं ना, जाऊ का म्हणून!"

ठमीने फ्रिजकडे पाहिलं. "विचारलं असतं तर चांदणी गेली असती."

आईने पिशवी घेतली. "कधीपासून लागली होती?"

"गणितापासून."

"आणि मग?"

"मग खेळाचा तास झाला. मग गोष्टीचा." ठमी बूट काढत म्हणाली. "गोष्टीत नदी होती."

"बत्तीस वर्षं वॉर्डात काढली," आजी म्हणाली, "इतका शिस्तीचा पेशंट पाहिला नाही." आणि चष्मा पुसायला आत गेली. चष्मा तिने सकाळीच पुसला होता. बाबांनी पाचवी चांदणी चिकटवली. अटी पूर्ण झाल्या होत्या.

आईने स्कर्ट धुतला. जरा जास्तच वेळ धुतला. नऊ वर्षांत आपण ज्यांना इतक्या सुबक भाषेत पत्रं पाठवली, ती माणसं पत्र वाचून झाल्यावर कोरड्या नळाकडे बघत काय करत असतील, असं काहीतरी तिच्या मनात आलं. नोंदवायला वही जवळ नव्हती. नंतर तिने वही दोरीसकट काढून माळ्यावर टाकली आणि ठमीला जवळ घेऊन जाहीर केलं, की आजपासून काय वाटेल ते विचार, कितीही विचार.

"बरं," ठमी म्हणाली.

शनिवारी सात वाजून दहा मिनिटांनी दूध वर आलं. कुणी काही विचारलं नाही. दूध सांडलं नाही. ओटा लखलखीत होता आणि आई त्याच्याकडे बघत उभी होती.

"ठमे, मुंग्या कोणत्या कुशीवर झोपतात गं?"

"माहीत नाही," ठमीने समजूतदारपणे सांगितलं. "मोठी झाले की कळेल."

योजना पूर्ण यशस्वी झाली होती. यशस्वी योजना मागे कशी घ्यायची, याचं परिपत्रक कुठल्याच कार्यालयात निघालेलं नसतं. शनिवारचा दिवस आईने घरभर चमत्कारिक गोष्टी मांडून ठेवण्यात घालवला: भिंग, चुंबक, बरणीत एक गोगलगाय. ठमीने सगळ्यांकडे पाहिलं, बरणीचं झाकण सैल केलं आणि हात पाठीमागे धरून उभी राहिली.

रविवारी सगळे तारांगणात गेले. अंधार झाला, घुमटभर तारे आले, एका तरुण बाईने हातातल्या लाल ठिपक्याने ग्रह दाखवले. ठमीचं तोंड उघडं होतं आणि त्यावर तिने हात ठेवलेला होता. चाळीस मिनिटांनी दिवे लागले. बाईने विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

सभागृहात दोनशे बारा माणसं होती. शिकलेली, नोकरदार, तिकीट काढून आलेली. एवढं अख्खं विश्व नुकतंच डोक्यावरून फिरून गेलेलं, आणि एकाचाही हात वर नाही. सगळी फार पूर्वीच निकाली निघालेली. बाईला याची सवय असावी. तिने मनात तीनपर्यंत मोजलं आणि माइक बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात ठमीच्या आईने हात वर केला.

"बोला ताई."

ताई उभी राहिली. आणि आपल्याकडे प्रश्नच नाही, हे तिच्या लक्षात आलं. आत शोधशोध शोधलं, पण सगळीकडे शेरे. ती खाली वाकली.

"ठमे, एक दे ना मला."

ठमीने इकडेतिकडे पाहिलं. "चांदणी जाईल."

"माझी जाईल. तुझी नाही."

ठमीने बराच विचार केला. मग तोंडावरचा हात काढून तो आईच्या कानाभोवती धरला.

आई सरळ झाली आणि मोठ्याने म्हणाली, "तारे मोजताना मध्येच शिंक आली, तर पहिल्यापासून मोजायचे का?"

सभागृह हसलं. बाई हसली नाही. तिने माइक बाजूला ठेवला, पायरीवर बसली आणि उत्तर द्यायला लागली. चांगली नऊ मिनिटं, दोन्ही हात हलवून. ते संपायच्या आत खाली, आईच्या कोपरापाशी, आणखी एक हात वर गेला होता. छोटा. मग तोच पुन्हा. मग पुन्हा.

ते उत्तर इथे द्यायला खरं म्हणजे काहीच हरकत नव्हती. पण "कुणाला काही प्रश्न?" हे शब्द कानावर पडले तेव्हाच त्या दोनशे बारांतले तुम्ही पायाने चपला चाचपायला लागला होतात, आणि शिंकेच्या प्रश्नापर्यंत दाराशी पोचलाही होतात. तिथून मागे वळून तुम्ही हसलात, हे आईने पाहिलं. तेव्हा उत्तर मागे थांबलेल्या ज्या सात जणांनी ऐकलं, त्यांच्यापाशीच ते आहे. तुम्हाला बस मिळाली असेल.