शिरूर कासारचा साबण संपला!

स्वतःच्या वडिलांना कॉम्प्युटर शिकवणारा माजलगावातला पहिला माणूस मी! हे मी पूर्वी छाती फुगवून सांगायचो. आता जरा दबक्या आवाजात सांगतो.

साल होतं दोन हजार एक. गावात इंटरनेट नवंकोरं होतं आणि आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा पार जुना झाला होता. अशात पुण्याच्या एका साबण कंपनीने बीड जिल्ह्यासाठी डेपो काढायचं ठरवलं. माल आमच्या गोदामात उतरणार आणि आमच्या गाड्या तो गावोगावच्या दुकानांना पोचवणार. डेपो मिळाला तर धंदा तरणार होता. नाही मिळाला तर गोदाम विकायचं आणि मी औरंगाबादला नोकरी शोधायची, असं घरात ठरलेलं. कंपनीने चाचणीसाठी एक ट्रकभर साबण आमच्याकडे उतरवलाही होता. अट एकच : मालक आणि त्याची पुढची पिढी, दोघांनीही मालवाहतुकीचं ऑनलाइन ट्रेनिंग पास व्हायचं!

"ट्रेनिंग कावून?" आप्पांनी विचारलं. "तू जन्मला न्हवतास तवापासनं गाड्या धाडतोय मी."

"जमाना बदललाय, आप्पा."

"बरं. मग शिकू की!"

बस्स, एवढंच! साठी उलटलेला माणूस, पण कुरकुर म्हणून नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला नारळ फोडला आणि पडद्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. ती पुसल्याशिवाय धडा दिसेना! माऊसला ते गियर म्हणायचे. पण धडा सुरू झाला की असे कान देऊन ऐकायचे की मलाच लाज वाटायची, कारण मी मधूनमधून पत्ते खेळत असायचो. कॉम्प्युटरवरच!

परीक्षेचा दिवस उजाडला. पडद्यावर खोटे खोटे प्रसंग येणार आणि आपण काय केलं ते त्यात भरायचं. आम्हाला आपलं वाटावं म्हणून कंपनीने प्रसंगांत बीड जिल्ह्यातलीच गावं घातली होती. हा नुसता सराव आहे, हे आप्पांना सांगायचं राहून गेलं. इतकी साधी गोष्ट काय सांगायची?

मी मोठ्याने वाचलं, "शिरूर कासारचा साबण संपला. सगळा साठा तातडीने पाठवा!"

आप्पा ताडकन उठले आणि बाहेर गेले. तंबाखू थुंकायला गेले असतील, असं मला वाटलं. बऱ्याच वेळाने घाम पुसत आले.

"धाडला."

"शाब्बास, आप्पा!" मी पडद्यावर 'पाठवला' दाबलं.

पुढचं पान यायला इतका वेळ लागला की आम्ही जेवून घेतलं. मग वाचलं, "माल पोचला का, याची खात्री करा."

"सिद्धाराम हाय गाडीवर. पोचला की फोन करंल."

काय समरस झाला होता माणूस! खोट्या गाडीला खरा ड्रायव्हर! मला भरून आलं.

पण सिद्धारामचा फोन येणार कुठून? इंटरनेट चालू असलं की फोन बंद. एकाच तारेवर दोन्ही! आणि मी सकाळपासून तार अडवून बसलेलो.

दिवस कलता कलता कंपनीच्या वर्षाराणी मॅडम अचानक तपासणीला आल्या. त्यांनी गोदाम उघडलं. आत एक पाल होती. बाकी काही नाही.

"मन्मथ, माल कुठाय?"

मी आप्पांकडे पाहिलं.

"शिरूरला गेला की!" आप्पा म्हणाले. "तुमीच तर मागवलाव. सकाळीच गाडी लावली."

"अहो, ती परीक्षा होती! शिरूरला आमचा कुणी माणूसच नाही!"

"मग साबण संपला कुणाचा?"

मॅडमनी पुण्याला कळवायला फोन उचलला.

"ठेवा! ठेवा!" मी किंचाळलो. पण तोवर कॉम्प्युटर मांजरासारखा ओरडला आणि शेवटच्या प्रश्नावर आलेली माझी परीक्षा गेली! मॅडमनी घाबरून फोन खाली ठेवला, तोच तो वाजला. आप्पांनी घेतला.

"आप्पा, फोन कावून लागंना?" सिद्धारामचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "दुपारपासनं बूथवर उबा हाय! हितं कुनी न्हाई. निम्म्या घरांना कुलपं हायती. समदी ऊस तोडाया गेलीत."

"कुठं गेलीत?"

"सारजाबाई म्हनून दुकानदारीन हायती, त्या म्हनत्यात माजलगावला! आपल्याच कारखान्यावर!"

मी डोकं धरलं. मॅडम खुर्चीत बसल्या. आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "गाडी फिरव. सकाळी डायरेक कोप्यांवर आन."

दुसऱ्या दिवशी कारखान्यामागे, ऊसतोड्यांच्या कोप्यांपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढे, आमचा ट्रक उभा राहिला. केबिनमधून आधी एक गाठोडं उतरलं, मागून सारजाबाई. लेकीला भेटायला फुकटात गाडी मिळाली, म्हणून त्या आल्या होत्या. त्यांना नावानिशी सगळी वस्ती ठाऊक!

"ए छबे, त्वांड बघ की आरशात! ऊस तोडतीस का कोळसा? घे साबण!"

पाचटाच्या काजळीने काळवंडलेली माणसं हसत हसत जमली. मॅडमसुद्धा "होऊ दे कंपनीची फुकट जाहिरात!" म्हणत पदर खोचून ट्रकवर चढल्या आणि पेट्या फोडायला लागल्या. ऊन चढेस्तोवर गाडी रिकामी!

आप्पा टोपी नीट करत म्हणाले, "बगा मॅडम. माल शिरूरचा हुता, शिरूरच्याच मान्सांला पोचला."

मॅडम खळखळून हसल्या. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझ्या बापाचा फार अभिमान वाटला. चूक केली तीसुद्धा मनापासून, आणि निस्तरली तीसुद्धा मनापासून! मॅडमनी आप्पांना जागच्या जागी पास केलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमची परीक्षा अर्धवट आहे. पुन्हा द्या. त्याशिवाय डेपो नाही."

म्हणजे शिष्य पास आणि मास्तर लटकलेला! आता सगळा डेपो माझ्यावर अडला होता.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बसलो. हा नुसता सराव आहे, हे या वेळी आप्पांना चांगलं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पहिलं पान उघडलं : 'धर्मापुरीचा साबण संपला.' मी पडद्यापुढे आडवा सरकलो.

"काय आलंय?"

"काही नाही, आप्पा."

"मोठ्यानं वाच की! मागं गाडी धाडली म्हनून तर मी पास झालो. सिद्धारामनं इंजिन चालू ठिवलंय!"

बाहेर खरंच हॉर्न वाजला.

मी पास झालो. डेपोही मिळाला. पण ती अख्खी परीक्षा मी मनातल्या मनात वाचून दिली!