सासरे बसले आणि मोन्तेरिवो तरलं

नियोजनात माझा हात धरेल असा माणूस जर्मनीतल्या अख्ख्या डार्मश्टाट शहरात सापडायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सासऱ्यांचा नव्वद दिवसांचा व्हिसा आला, त्याच दिवशी मी त्यांच्या नव्वद दिवसांचा तक्ता तयार केला. दर रविवारी नवं ठिकाण! ऱ्हाइनवरची बोट, कोलोनचं कॅथीड्रल, म्युनिक, पॅरिस. पाऊस आलाच तर पर्यायी संग्रहालयसुद्धा कंसात लिहिलं होतं.

आमचे सासरे, म्हणजे श्यामकांत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना बाबाच म्हणतो. मुळातच अबोल माणूस, आणि सासूबाई गेल्यापासून तर ते 'हो', 'नको' आणि 'चालेल' एवढ्या तीन शब्दांत दिवस काढत होते. पुण्याहून येऊन त्यांनी माझा तक्ता नीट वाचला आणि "चालेल" म्हणाले.

प्रत्यक्षात त्या नव्वद दिवसांत बाबांनी युरोपातली एकच गोष्ट पाहिली. आमच्या कोपऱ्यावरच्या बेप्पेच्या आइस्क्रीमच्या दुकानातली, रेडिएटरशेजारची लाकडी खुर्ची. आणि याला सर्वस्वी जबाबदार मी.

झालं असं, की फेब्रुवारीत, तक्त्यातल्या पहिल्याच रविवारी धुक्यामुळे ऱ्हाइनची बोट रद्द झाली. बाबा कुडकुडायला लागले म्हणून परतताना आम्ही बेप्पेकडे शिरलो. बेप्पे इटलीतल्या मोन्तेरिवो गावचा. गाव जेमतेम अकरा हजार वस्तीचं, पण त्याचा फुटबॉल संघ 'सेरी सी'मध्ये, म्हणजे इटलीच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. त्या श्रेणीच्या खाली व्यावसायिक फुटबॉल संपतो. तिथून घसरलं की पगारी खेळाडू जातात, पगारी नोकरही जातात. बेप्पेचा थोरला भाऊ या संघाच्या जर्सी धुतो. त्याच्याआधी त्यांचे वडील धुवायचे. आणि यंदा मोन्तेरिवो वीस संघांत अठरावं होतं.

दुकानात इटलीतले पंधराएक गाववाले दुखवट्याला जमल्यासारखे टीव्हीसमोर बसले होते. मोन्तेरिवो दोन गोलांनी मागे. बाबा तपकिरी स्वेटर आणि माकडटोपी घालून रेडिएटरशेजारच्या खुर्चीत बसले आणि गरम दुधात खिशातल्या डबीतली हळद टाकून पिऊ लागले. तेवढ्यात मोन्तेरिवोने गोल केला. दूध संपेपर्यंत दुसरा! मग बाबा स्वच्छतागृहात जायला उठले, आणि लगेच समोरच्या संघाने चेंडू जाळ्यात मारला. बाबा परत येऊन खुर्चीत टेकतात न टेकतात तोच लाइन्समनचं निशाण वर दिसलं. गोल रद्द.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जर्मन बोलायची संधी मिळाली की मला राहवत नाही. मी बेप्पेला ऐटीत सांगितलं, की आमच्याकडे क्रिकेटमध्ये हे शास्त्रच आहे. भागीदारी जमली की जागचं हलायचं नाही. आमच्या बाबांनी तर वर्ल्ड कपची अख्खी फायनल स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून काढली, म्हणून भारत जिंकला.

मी हसलो. दुकानात दुसरं कुणीही हसलं नाही. पंधराही माणसं बाबांकडे टक लावून बघत होती, आणि बेप्पेने तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पुढच्या रविवारी आम्ही म्युनिकला निघालो, तर बेप्पे आमच्या दारात उभा. नुसता बाबांकडे बघत राहिला. बाबा म्हणाले, "चालेल." मोन्तेरिवो एक-शून्यने जिंकलं. नाताळनंतरचा पहिला विजय!

झालं, माझ्या तक्त्याचा निकाल लागला. तोच स्वेटर, तीच माकडटोपी, तेच हळदीचं दूध. मार्चमध्ये ऊन पडलं की सारं डार्मश्टाट आइस्क्रीमसाठी रांग लावतं. आणि हा बेप्पे ऐन उन्हात, रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना, काचेवर 'दोन तासांनी या' अशी पाटी लावून दार आतून बंद करायचा! एप्रिलमध्ये बाहेर लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते आणि आत रेडिएटर चालू होता, कारण पहिल्या दिवशी तो चालू होता. पंधरा माणसं घामाने निथळत होती. एकानेही शर्टाचं बटण सैल केलं नाही. मी त्यांना वेड्यात काढायला म्हणून बसलो होतो, पण खरं सांगतो, मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटले. ज्या संघाचं नाव इटलीतही निम्म्या लोकांना ठाऊक नसेल, त्याच्यावर इतकं प्रेम!

उर्जा, म्हणजे माझी बायको, मात्र माझ्यावर उखडली होती. बाबा आयुष्यात एकदा परदेशात आले आणि तू त्यांना रेडिएटरला बांधून ठेवलंस, असं तिचं म्हणणं. चूक नव्हतंच. मी बाबांना विचारलं, पॅरिस करायचं का? बाबा म्हणाले, "नको."

मे उजाडला. मोन्तेरिवो अठरावंच राहिलं, पण वरच्या संघाशी गुणांचं अंतर कमी झाल्यामुळे थेट घसरण टळली. आता सतराव्या संघाशी दोन सामने, त्यातून एकच संघ तरणार. दोन्ही मिळून बरोबरी झाली तर वरच्या क्रमांकाचा संघ राहणार, म्हणजे आपला जाणार. पहिला सामना मोन्तेरिवोने एक-शून्यने जिंकला. दुसरा पुढच्या शनिवारी, साडेपाचला. आणि त्याच शनिवारी बाबांचा नव्वदावा दिवस. विमान साडेआठचं.

बेप्पे मला ओढत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात घेऊन गेला. तिथल्या बाईंनी मुदतवाढीचं कारण विचारलं, आजारपण की आणीबाणी? बेप्पे म्हणाला, आणीबाणी. कुणाची? तर अकरा हजार माणसांची. बाईंनी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली, नियमाप्रमाणे नकार दिला, आणि सामना किती वाजता आहे ते मात्र लिहून घेतलं.

शनिवारी फ्रँकफर्ट विमानतळावर सामान देऊन आम्ही वळलो, तर समोर खुर्ची. तीच. शेजारी पंधरा माणसं, एक टॅबलेट आणि थर्मासमध्ये दूध. बाबांनी मुकाट्याने माकडटोपी चढवली आणि बसले. येणारेजाणारे थबकून बघत होते. एक जपानी कुटुंब तर बाबांना नमस्कार करून गेलं.

सात वाजता उर्जा म्हणाली, आता बाबांना आत जायलाच हवं. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट, शून्य-शून्य. बाबांना उठवायची कुणाचीच छाती होईना. मग चौघांनी बाबांसकट खुर्ची उचलली! प्रवासी बाजूला सरकून वाट देत होते, पुढे बेप्पे टॅबलेट उंच धरून चाललेला, आणि मध्ये माझे सासरे, पाटबंधारे खात्यातल्या कुठल्याही साहेबाला लाभला नसेल अशा थाटात. मी बॅग घेऊन मागे.

सुरक्षा तपासणीच्या फाटकाशी कर्मचारी म्हणाला, खुर्ची आत जाणार नाही. नेमक्या त्याच क्षणी, एकोणनव्वदाव्या मिनिटाला, मोन्तेरिवोच्या विरुद्ध पेनल्टी.

आणि बाबा उठले.

पंधरा तोंडांतून एकच हुंदका निघाला. बाबांनी माकडटोपी काढली, बेप्पेच्या डोक्यात घातली, त्याचे खांदे धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, "यांना सांगा, आता तुमचं तुम्ही बसा." मग बोर्डिंग पास दाखवून ते आत निघून गेले. मागे वळूनही पाहिलं नाही.

चेंडू आडव्या दांडीवर आपटून बाहेर गेला. पुढची पाच मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. शून्य-शून्यवरच शेवटची शिट्टी वाजली तेव्हा बेप्पे खुर्चीत तोंड झाकून रडत होता. भावाचा फोन आला, तर दोघंही नुसते रडतच होते. उर्जाही रडली. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून मी निकाल सांगितला. तुमचा या खुर्चीवर खरंच विश्वास होता का, असं विचारलं. बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी इतकं बोलले.

"खुर्चीत काही नसतं हो, क्षितिजराव. पण उर्जाची आई गेल्यापासून मी उठलो काय नि बसलो काय, कुणाला फरक पडत नव्हता. तिथे पंधरा माणसांना पडत होता."

मी म्हटलं, "चालेल."

आता बाबा पुन्हा फेब्रुवारीत येतायत. या वेळचं निमंत्रणपत्र बेप्पेने स्वतः भरलं आहे, तक्त्याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. मधल्या काळात गादी चालवावी म्हणून नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला मी मोठ्या विश्वासाने त्या खुर्चीत बसलो. हळदीचं दूधही प्यायलो. मोन्तेरिवो चार-शून्यने हरलं. तेव्हापासून रविवारी मला दुकानात प्रवेश नाही. माझं आइस्क्रीम बेप्पे खिडकीतून देतो, आणि तेही मध्यंतरातच.